सात सौर, आठ सौर: अफगाणिस्तानचा इतिहास शिकू पाहणाऱ्यांसाठी

एम.ए.च्या प्रबंधिकेचा पहिला खर्डा परत आला तेव्हा एका ओळीखाली लाल रेघ होती आणि समासात नुसतंच प्रश्नचिन्ह. ओळ अशी होती: 'मार्च 1978 मध्ये हेरात शहरात कम्युनिस्ट सरकारविरुद्ध उठाव झाला.' यात काय चुकलं हे मला दोन दिवस उमगेना. मग ट्यूब पेटली. कम्युनिस्ट सत्तेवर आले 27 एप्रिल 1978 ला. म्हणजे सरकार यायच्या महिनाभर आधीच मी त्याच्याविरुद्ध उठाव करवून मोकळा झालो होतो.

घोळ पंचांगाचा होता. अफगाण कागदपत्रांत हिजरी शमसी सन असतो. तो वसंतसंपाताला, म्हणजे 21 मार्चच्या सुमारास, नवरोजला सुरू होतो. त्यात 621 मिळवले की इसवी सन निघतो, एवढं मला ठाऊक होतं. 1 जानेवारीपासून नवरोजपर्यंतच्या तारखांना मात्र 622 मिळवावे लागतात, ते नव्हतं. हेरातचा उठाव 24 हूत 1357 चा, म्हणजे 15 मार्च 1979 चा. महिन्यांची नावं पाठ करायला मराठी माणसाला तासभर पुरतो, कारण त्या सरळ राशी आहेत: हमल मेष, सौर वृषभ, जौज़ा मिथुन, सरतान कर्क, असे चालत हूत म्हणजे मीन. 'सौर'चा सूर्याशी संबंध नाही. अरबीत तो बैल. तालिबानच्या कागदांवर बऱ्याचदा चांद्र हिजरी तारीख असते, तिचं गणित निराळं. एका वहीत तीन रकाने आखा आणि अभ्यासाच्या पहिल्या दिवसापासून भरत जा. मी ते दुसऱ्या वर्षी केलं.

माझं या विषयाशी नातं पुण्यात जुळलं. बी.ए.ला असताना आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये चार अफगाण मुलं राहायची. भारत सरकारच्या आयसीसीआर या संस्थेच्या शिष्यवृत्तीवर आलेली, भात आमच्यापेक्षा चांगला करणारी. पुण्यात अशी मुलं पुष्कळ असत. माझे सगळे मित्र तेव्हा एमपीएससीच्या मागे होते. मलाही घरून तेच सांगणं होतं. एका एप्रिलमध्ये मी बघितलं, 27 तारखेला त्यांच्यातला एक जण दिवसभर कुणाशी बोलला नाही आणि 28 ला दुसरा तसाच बसून होता. पहिल्याच्या काकांना 1978 नंतर घरातून उचलून नेलं, ते परत आले नाहीत. दुसऱ्याचं घर काबूलचं. 8 सौर 1371, म्हणजे 28 एप्रिल 1992 ला कम्युनिस्टांशी लढणाऱ्या मुजाहिदीन गटांच्या हाती सत्ता आली आणि मग ते गट आपसात लढले ते काबूलच्या वस्त्यांवर रॉकेटं टाकून. त्यात त्याची आजी गेली. 7 सौर, म्हणजे कम्युनिस्ट सत्तेवर आले तो 27 एप्रिल, आणि 8 सौर यांच्या मध्ये चौदा वर्षं होती, पण आमच्या जिन्यात फक्त एक रात्र. कुणी आठव्या तारखेला विजयदिन म्हणतं, कुणी काळा दिवस. समोरचा माणूस कुठली तारीख कोणत्या नावाने घेतो, यावरून तो कुठे उभा आहे हे कळतं. हे मी पुस्तकातून शिकलेलो नाही.

नव्याने येणारे बहुतेक जण 24 ते 27 डिसेंबर 1979 पासून, म्हणजे सोव्हिएत फौजा आल्या तिथून सुरुवात करतात. मीही केली होती. तसं केलं की सगळा देश बाहेरच्यांनी बिघडवलेला दिसतो: आधी रशियन, मग पाकिस्तान, मग अमेरिका. खोटं नाही, पण अर्धंच. किमान 17 जुलै 1973 पर्यंत मागे जा. त्या दिवशी राजा झहीर शाह इटलीत असताना त्याचाच चुलतभाऊ आणि मेहुणा दाऊद खान याने गादी उलथवून प्रजासत्ताक जाहीर केलं. ज्या डाव्या अधिकाऱ्यांनी दाऊदला तेव्हा हात दिला, त्यांच्याच गोटातल्यांनी पाच वर्षांत त्याला कुटुंबासकट मारलं. सत्तेवर आलेल्या कम्युनिस्ट पक्षात खल्क आणि परचम असे दोन गट, आणि त्यांचं आपसातलं वैर अमेरिकेशी असलेल्या वैरापेक्षा कडू. पक्षाचा नेता आणि नवा राष्ट्रप्रमुख तराकी, त्याला त्याच्याच पक्षातल्या अमीनने मारवलं आणि सत्ता घेतली. अमीनला सोव्हिएत कमांडोंनी ताजबेग महालात संपवलं.

1978 आणि 79 ची ती वीस महिन्यांची राजवट नीट समजल्याशिवाय पुढे जाऊ नका. 2013 मध्ये नेदरलँड्सच्या सरकारी वकिलांनी त्या काळात मारल्या गेलेल्या जवळजवळ 5 हजार लोकांची यादी प्रसिद्ध केली. नाव, वडिलांचं नाव, धंदा, गाव, आरोप. शिक्षक, विद्यार्थी, दुकानदार, मुल्ला. काबूलमध्ये सरकारने दोन दिवसांचा दुखवटा पाळला. रशियन फौजा येण्याच्या आधीचे हे मृत्यू. पस्तीस वर्षं घरच्यांना काही कळवलेलं नव्हतं. यादी आली त्या रात्री माझ्या मित्राने फोन करून पानं उघडायला सांगितली, कारण त्याचं इंटरनेट धड चालत नव्हतं. मी दोनदा शोधलं. त्याच्या काकांचं नाव त्यात नव्हतं.

पहिला अस्सल दस्तऐवज म्हणून मी मार्च 1979 मधलं तराकी आणि सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन यांचं फोनवरचं बोलणं वाचायला सांगतो. मॉस्कोच्या पॉलिटब्यूरोच्या कागदांत त्याची नोंद राहिली आणि वॉशिंग्टनच्या विल्सन सेंटरने इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलं. हेरात हातचं गेलंय, आणि तराकी गयावया करतोय की तुमचे ताजिक, उझबेक, तुर्कमेन सैनिक आमच्या गणवेशात पाठवा, कुणाला कळणार नाही. कोसिगिन म्हणतो, कळेल. त्या वेळी सैन्य गेलं नाही. नऊ महिन्यांनी गेलं. 'रशियाला गरम पाण्याचं बंदर हवं होतं, म्हणून फौजा आल्या' हे वाक्य आपल्याकडे परीक्षेत अजून गुण मिळवून देतं. हे चार पानी बोलणं वाचलेल्या माणसाला ते लिहिताना लाज वाटेल.

आता भाषेचं. इंग्रजीवर भागवता येतं, पण मग तुम्ही जन्मभर दुसऱ्यांची उष्टी टिपणं चघळता. पश्तू अवघड आहे, माझी अजून लंगडीच. फारसी मात्र शिकाच. मुंबईत आणि दिल्लीत इराणच्या संस्कृती केंद्रात वर्ग चालतात. तिथे तेहरानी उच्चार शिकवतात, आणि गंमत अशी की आपला कान अफगाणिस्तानातल्या फारसीच्या, म्हणजे 'दरी'च्या जास्त जवळचा आहे. इराणी माणसाला सिंह आणि दूध दोन्ही 'शीर'. काबूलला सिंह 'शेर'च असतो. दप्तर, शहर, कारखाना, हजार असे शेकडो शब्द तयार मिळतात, म्हणून गाफील राहू नका. आपण 'प्रयत्नांची शिकस्त' करतो. दरीत शिकस्त म्हणजे पराभव. 'शिकस्त-ए-शुरवी' हा मथळा मी 'सोव्हिएतांचा निकराचा प्रयत्न' असा लावला होता आणि त्यावर एक परिच्छेदही रचला होता. काही शब्दांवरून तर राजकारण पेटतं. विद्यापीठाला पश्तूतला 'पोहनतून' म्हणायचं की फारसीतलं 'दानिशगाह', यावरून तिथे कडाक्याचे वाद झालेत. आणि माणसाला 'अफगाणी' म्हणू नका. अफगाणी हे चलन आहे, माणूस अफगाण.

आपलं पानिपत या अभ्यासात फार लवकर आडवं येतं. अब्दाली म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे 14 जानेवारी 1761 उभा राहतो. त्यांच्याकडे तो अहमद शाह बाबा: 1747 मध्ये राज्य उभारणारा, कंदाहारला ज्याची कबर आहे तो. आमच्या फ्लॅटमध्ये यावरून एकदा चांगलीच जुंपली होती. एकाच माणसाच्या दोन नावांसह जगायला जमलं की पुढचे मुजाहिदीन नेते मसूद आणि हिकमतयार, कम्युनिस्ट राष्ट्राध्यक्ष नजीबुल्लाह जरा सोपे जातात.

आकड्यांना भ्या. देशाची जनगणना 1979 मध्ये सुरू झाली आणि युद्धामुळे पुरी झालीच नाही. तेव्हा पश्तून इतके टक्के, हजारा तितके टक्के असं कुणी ठासून सांगितलं की तो अंदाज आहे असं समजा, आणि अंदाज कुणाच्या सोयीचा तेही विचारा. सोव्हिएत सैनिक सुमारे 15 हजार मेले. मेलेल्या अफगाणांचे आकडे 5 लाखांपासून 20 लाखांपर्यंत भटकतात.

काबूलला न जाताही काम होतं. सध्या तर तसंच करावं लागतं. काबूल विद्यापीठातल्या अफगाणिस्तान केंद्राचा संग्रह अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या मदतीने स्कॅन होऊन बराचसा उपलब्ध आहे. ब्रिटिश काळासाठी दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार आणि मुंबईचं राज्य पुराभिलेखागार. मुंबईचं का, असं वाटेल. पहिल्या अफगाण युद्धात मुंबई इलाख्याची फौज सिंधमार्गे कंदाहार आणि गझनीला गेली होती, आणि दुसऱ्या युद्धात 27 जुलै 1880 ला मैवंदला ब्रिटिशांचा जो धुव्वा उडाला त्यात बॉम्बे ग्रेनेडियर्स होते. कुलाब्याचं अफगाण चर्च त्या पहिल्या युद्धातल्या मृतांसाठी बांधलेलं. सवड काढून जा. पीएच.डी.चा विषय शोधणाऱ्या दोघा-तिघांना मी मुंबईच्या त्या पलटणींतल्या शिपायांवर काम करा असं सुचवलं. अजून कुणी हात घातलेला नाही.

पैशांचं विचारणारच. प्राध्यापकी मिळाली तर उत्तम, पण तिच्या भरवशावर लग्न ठरवू नका. मी दिल्लीत तीन वर्षं दुभाषेगिरीवर काढली: उपचारासाठी आलेले अफगाण रुग्ण, लाजपत नगर आणि भोगलमधली निर्वासित कुटुंबं. इस्पितळात इतिहास उपयोगी पडत नाही, पण 'दर्द' कुठे आणि कसा हे विचारून विचारून माझी दरी सुधारली. ऑगस्ट 2021 मध्ये तालिबान परत सत्तेवर आल्यावर इस्पितळातलं काम आटलं आणि कागदपत्रांचं वाढलं: तज़किरा, शाळेचे दाखले, जबान्या. तज़किरा म्हणजे ओळखपत्र. जुन्यांत जन्मतारीख नसते, 'सन 1385 मध्ये वय 12 वर्षे' एवढंच असतं. म्हणून परदेशात इतक्या अफगाणांचा वाढदिवस 1 जानेवारी दिसतो. नवखा भाषांतरकार तिथे आपल्या मनाने तारीख घालतो आणि पुढे आश्रयाच्या मुलाखतीत त्या माणसाचं बोलणं नि कागद जुळत नाहीत. मी मूळ नोंद जशीच्या तशी ठेवतो आणि शेजारच्या रकान्यात 1385 म्हणजे 2006 ते 2007 असं लिहितो. पहिल्या वकिलाने दुसरं काम दिलं ते या रकान्यामुळे.