ट्रान्झिस्टर बंदच होईना, तेव्हा काय केलं

जुलैत वडोद्याची हवा इतकी दमट की दांडिया बाजारातल्या आमच्या घरी तळलेले पापड तासाभरात मऊ पडतात. त्याच दिवसांत मी पी३एचटी या सेंद्रिय पॉलिमरचे फील्ड-इफेक्ट ट्रान्झिस्टर करत होतो, म्हणजे गेट या टोकावरच्या व्होल्टेजने करंट चालू-बंद करणारे स्विच. गेट +20 व्होल्टवरून −60 पर्यंत नेऊन परत आणलं, तर जातानाचा आणि येतानाचा करंटचा आलेख 15 व्होल्टनी वेगळा. शिवाय ट्रान्झिस्टर बंदच होईना.

आधी पॉलिमरवरच संशय घेतला. मग दिसलं, ड्रेनला (ज्या टोकाचा करंट मोजतो त्याला) शून्य व्होल्ट असतानाही करंट येतोय, म्हणजे गेटमधून गळती. पॉलिमरचा थर चिपच्या कडांपर्यंत पसरला होता. टाचणीने प्रत्येक ट्रान्झिस्टरभोवती चर काढला, गळती जवळपास गेली.

आलेखातला फरक मात्र तसाच. पॉलिमरखालच्या सिलिकॉन डायऑक्साइड या विद्युतरोधक थराच्या पृष्ठभागावरचे हायड्रॉक्सिल (OH) गट पाणी धरून ठेवतात आणि तिथे विद्युतभार अडकतो. कोऱ्या चिपवर पाण्याचा थेंब टाकला, तो सपाट पसरला. हे गट झाकून पृष्ठभागाला पाणी नकोसं करणाऱ्या एचएमडीएस या रसायनाच्या वाफेत रात्रभर ठेवल्यावर थेंब अळवाच्या पानावरच्याइतका नाही, पण छान गोल होऊन उभा राहिला. तो पाहून इतका आनंद झाला!

त्यावर थर चढवून निर्वातात 120 अंशांवर तासभर तापवला, कारण हवेतल्या ऑक्सिजनमुळे पी३एचटीत जादा होल (धन विद्युतभार वाहणाऱ्या रिकाम्या जागा) तयार होतात आणि बंद अवस्थेतला करंट वाढतो. मोजणीही निर्वातातच केली. फरक 3 व्होल्टवर आला. चालू आणि बंद अवस्थेतल्या करंटचं गुणोत्तर शंभराच्या आत होतं, ते दहा हजारांपुढे गेलं. चिप बाहेर ठेवली की बंद करंट पुन्हा चढतो, म्हणून आता वरून आवरण देऊन पाहतोय.