फेनिटॉइनचे इंजेक्शन शिरेतून देताना घ्यायची काळजी

फेनिटॉइन या आकडीवरच्या औषधाचे इंजेक्शन हातात घेतले की ‘किती द्यायचे’ हा प्रश्न आधी मनात येतो. रुग्णाच्या हृदयाच्या दृष्टीने मात्र ‘किती वेगाने द्यायचे’ हा प्रश्न त्याहून मोठा आहे. ज्या मात्रेने आकडी थांबते, तीच मात्रा घाईने शिरेत ढकलली तर रक्तदाब कोसळू शकतो, ठोक्यांची लय बिघडू शकते आणि हृदय बंदही पडू शकते. हे इंजेक्शन ज्यांना प्रत्यक्ष द्यावे लागते त्या परिचारिकांसाठी आणि नवोदित डॉक्टरांसाठी हे लिहिले आहे. रुग्णाशेजारी बसणाऱ्या नातेवाइकांनाही यातला काही भाग माहीत असलेला बरा. औषधाची निवड आणि मात्रा हा उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा निर्णय आहे. जिथे ईसीजी मॉनिटर नाही तिथे हे इंजेक्शन शिरेतून देऊ नये, घरी तर कधीच नाही.

या औषधाचा स्वभाव समजला की पुढचे बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत. फेनिटॉइन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून ते प्रॉपिलिन ग्लायकॉल आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणात, सुमारे १२ इतका पीएच राखून, विरघळलेल्या स्थितीत ठेवलेले असते. इतका तीव्र अल्कधर्मी द्राव शिरेबाहेर पडला तर तो ऊती जाळतो, आणि त्याचा पीएच खाली आला की औषधाचे स्फटिक बनून ते साक्याच्या रूपात बाहेर येते. फेनिटॉइन जसे मेंदूतील पेशींच्या सोडियम वाहिन्यांवर (विद्युत संदेश पुढे नेणाऱ्या सूक्ष्म मार्गांवर) काम करते तसेच हृदयाच्या पेशींवरही करते, आणि प्रॉपिलिन ग्लायकॉलही रक्तदाब खाली आणण्यात हातभार लावते.

आकडी ५ मिनिटांहून अधिक चालली तर प्रथम देण्याचे औषध फेनिटॉइन नव्हे. ते पूर्ण जायलाच २० मिनिटांहून अधिक लागतात, आणि तेवढा वेळ मेंदूजवळ नसतो. म्हणून आधी लोराझेपाम शिरेतून, दर किलो वजनाला ०.१ मिलिग्रॅम, एका वेळी जास्तीत जास्त ४ मिलिग्रॅम. शीर मिळत नसेल तर मिडाझोलाम स्नायूत. त्यानंतर फेनिटॉइन, लेव्हेटिरासिटाम किंवा व्हॅल्प्रोएट यांपैकी एक निवडले जाते. पहिल्या औषधाने श्वास मंदावू शकतो, त्यामुळे फेनिटॉइन सुरू करतानाच ऑक्सिजन आणि अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) हाताशी असली पाहिजे.

सुरू करण्यापूर्वी ईसीजी पाहावा. नाडी मुळातच मंद असेल (सायनस ब्रॅडिकार्डिया), सायनोएट्रियल ब्लॉक असेल, किंवा दुसऱ्या वा तिसऱ्या श्रेणीचा हार्ट ब्लॉक असेल (या दोन्हींत हृदयातील विद्युत संदेश अडतो) तर हे औषध देऊ नये. पूर्वी फेनिटॉइनने अंगावर गंभीर पुरळ आले होते का किंवा यकृताला इजा झाली होती का, हे नातेवाइकांना स्पष्ट शब्दांत विचारावे. रुग्ण आधीपासून याच गोळ्या घेत असेल तर तेही विचारावे आणि रक्तातील पातळी पाहण्यासाठी नमुना काढून ठेवावा, कारण अशा रुग्णाला संपूर्ण सुरुवातीची मात्रा दिली तर पातळी विषारी होऊ शकते.

आता हिशेब. समजा, ६० किलो वजनाच्या प्रौढ रुग्णाला दर किलोला २० मिलिग्रॅम द्यायचे ठरले आहे. एकूण मात्रा १२०० मिलिग्रॅम झाली. इंजेक्शनच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम औषध असते, म्हणजे २४ मिलिलिटर भरावे लागेल. प्रौढांत वेगाची कमाल मर्यादा मिनिटाला ५० मिलिग्रॅम आहे, म्हणून हे औषध २४ मिनिटांच्या आत जाता कामा नये. ३० मिनिटे धरली तर वेग ४० मिलिग्रॅमवर राहतो, आणि मला हा थोडा अधिकचा वेळ नेहमीच योग्य वाटतो. रुग्ण वयस्कर असेल किंवा त्याला हृदयविकार असेल तर वेग मिनिटाला २५ मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी ठेवावा. मग याच मात्रेला किमान ४८ मिनिटे लागतील. लहान मुलांत दर किलोला मिनिटाला १ ते ३ मिलिग्रॅम हा वेग असतो, पण तोही ५० मिलिग्रॅमच्या वर जाऊ देऊ नये. हिशेब कागदावर लिहून दुसऱ्या व्यक्तीकडून तपासून घ्यावा. आकडी सुरू असलेल्या रुग्णाजवळ उभे राहून मनातल्या मनात केलेल्या गुणाकारावर विसंबणे धोक्याचे आहे.

मिसळायचे ते फक्त ०.९ टक्के सलाईनमध्येच. डेक्स्ट्रोजमध्ये (साखरेच्या सलाईनमध्ये) साका तयार होतो, म्हणून त्याच नळीतून आधी डेक्स्ट्रोज चालू असेल तर नळी सलाईनने पूर्ण धुऊन घ्यावी. दुसरे कोणतेही औषध यात मिसळू नये. मिश्रण फार पातळही करू नये, कारण प्रत्येक मिलिलिटरमध्ये किमान ५ मिलिग्रॅम औषध राहिले पाहिजे. वरच्या उदाहरणात २४ मिलिलिटर औषध १०० मिलिलिटर सलाईनमध्ये घातले तर हे प्रमाण ९.७ च्या आसपास येते. तेच २५० मिलिलिटरच्या बाटलीत घातले तर ४.४ वर उतरते आणि स्फटिक बनण्याचा धोका वाढतो. ३० मिनिटांत १२४ मिलिलिटर द्यायचे असल्याने पंपाचा वेग ताशी २४८ मिलिलिटर ठेवावा लागेल. मिश्रण तयार होताच सुरू करावे, फ्रिजमध्ये ठेवू नये, आणि नळीत ०.२२ ते ०.५५ मायक्रॉनचा फिल्टर लावावा. औषध किंचित पिवळसर असेल तर हरकत नाही. गढूळ दिसले किंवा त्यात कण तरंगताना दिसले तर ते टाकून द्यावे.

शीर निवडताना केलेली तडजोड पुढे महागात पडते. हाताच्या पंजावरची बारीक शीर सहज सापडते, पण या औषधासाठी ती वाईट निवड आहे. कोपराजवळची मोठी शीर घ्यावी, कॅन्युला (शिरेत बसवायची नळी) २० गेजची किंवा त्याहून रुंद असावी, आणि औषधाआधी सलाईन ढकलून ती शिरेतच आहे याची खात्री करावी. औषध संपल्यावर पुन्हा त्याच कॅन्युलातून सलाईन सोडावे, म्हणजे शिरेची जळजळ कमी होते. स्नायूत हे इंजेक्शन देऊ नये. तिथे ते साकळते, अनिश्चित गतीने शोषले जाते आणि स्नायूला इजा करते.

औषध चालू असताना खाट सोडून जाऊ नये. मॉनिटरवर ईसीजी सतत दिसत असावा आणि रक्तदाब व श्वास दर काही मिनिटांनी पाहावा. रक्तदाब उतरला, नाडी मंदावली किंवा लय बदलली, तर आधी पंप थांबवावा आणि लगेच डॉक्टरांना बोलवावे. सौम्य बदल असेल तर ते वेग निम्मा करून पुढे चालू ठेवायचे की नाही ते ठरवतील. शुद्धीवर असलेला रुग्ण ‘हात जळतोय’ म्हणाला तर ते शब्दशः खरे मानावे, इंजेक्शन थांबवून जागा पाहावी. बेशुद्ध रुग्ण हे सांगू शकत नाही, म्हणून त्याचा हात चादरीखाली झाकलेला नसावा. एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी: औषध बाहेर गळलेले दिसले नाही तरी काही तासांनी हात सुजून निळा-जांभळा पडू शकतो. याला पर्पल ग्लव्ह सिंड्रोम म्हणतात, आणि क्वचित प्रसंगी त्यात ऊती मरून शस्त्रक्रियेची वेळ येते. त्यामुळे पुढच्या पाळीच्या परिचारिकेला कोणत्या हातात, किती वाजता औषध दिले हे सांगावे, आणि रात्रभर त्या हाताचा रंग, सूज व बोटांची ऊब पाहण्यास सांगावे.

फॉसफेनिटॉइन हे पाण्यात विरघळणारे रूप हातावर बरेच सौम्य असते आणि त्याची कमाल वेगमर्यादा मिनिटाला १५० मिलिग्रॅम फेनिटॉइन-समतुल्य (म्हणजे तितक्या फेनिटॉइनच्या बरोबरीची) आहे. हृदयाचा धोका मात्र त्यातही असतो, म्हणून मॉनिटर तितकाच आवश्यक आहे. नावे सारखी असल्याने दोन्ही औषधे वेगळ्या कप्प्यांत ठेवावीत, कारण फॉसफेनिटॉइनच्या वेगाने फेनिटॉइन दिले गेले तर ते तिप्पट वेगाने जाते.

रक्तातील पातळी पाहायची असेल तर पूर्ण मात्रा संपल्यावर किमान दोन तासांनी नमुना घ्यावा. एकूण पातळी मिलिलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅम अपेक्षित असते. पण अल्ब्युमिन (औषध ज्याला चिकटून राहते ते रक्तातील प्रथिन) कमी असलेल्या रुग्णात हा आकडा फसवा असतो, कारण एकूण पातळी कमी दिसूनही मोकळे, प्रत्यक्ष काम करणारे औषध जास्त असू शकते. डोळे थरथरणे, चालताना झोकांड्या जाणे, बोलणे जड होणे ही पातळी वाढल्याची लक्षणे आहेत. यकृताची हे औषध मोडण्याची क्षमता एका टप्प्यावर भरून जाते आणि नंतर मात्रेतील छोट्याशा वाढीनेही पातळी एकदम चढते, म्हणून पुढची मात्रा स्वतःहून वाढवू नये. घरी जाताना नातेवाइकांना हे सांगावे की पहिल्या काही आठवड्यांत तापासह पुरळ आले, तोंडात फोड आले किंवा कातडी सोलवटली, तर पुढची गोळी न देता त्याच दिवशी रुग्णाला रुग्णालयात आणावे, म्हणजे आकडी रोखण्यासाठी दुसरे औषध लगेच सुरू करता येईल.