१७५८ चा फ्रेंच शिपाई: कोट अचूक कसा शिवावा

फ्रेंच पायदळ म्हटलं की निळा कोट डोळ्यांपुढे येतो. पण तो क्रांतिकाळातला. १७९३ पासून सगळ्या पायदळाला लागू झाला. त्याआधी बहुतेक फ्रेंच पलटणी राखाडी-पांढऱ्या असत. निळा रंग फ्रेंच गार्ड्सचा, म्हणजे राजाच्या रक्षक पलटणीचा, आणि फ्रेंच सैन्यातल्या जर्मन पलटणींचा; लाल तिथल्याच स्विस आणि आयरिश पलटणींचा. म्हणून कात्री हातात घेण्याआधी साल आणि पलटण पक्की करा. इथे घेतली आहे ला सार पलटण, १७५६ मध्ये कॅनडात गेलेली: राखाडी-पांढरा कोट, निळे कफ, लाल वेस्टकोट, पितळी बटणं.

सगळ्यात जास्त चुका कापडात होतात. दीड मीटर पन्ह्याची, न रंगवलेली जाड लोकर सुमारे साडेतीन मीटर घ्या. लख्ख पांढरी नको. रंग ताकासारखा, किंचित राखाडी हवा. दुकानातच एक धागा काढून जाळून बघा. लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. मग कापलेली कड नखाने खरवडा. धागे सुटले तर ते कापड सोडून द्या. त्या काळची लोकर ओली मळून इतकी घट्ट केलेली असे की कोटाची खालची कड न दुमडता तशीच ठेवत. बेतण्याआधी कापड कोमट पाण्यात भिजवून सावलीत वाळवा. नाहीतर पहिल्याच पावसात कोट आखडतो आणि अस्तर खालून लोंबू लागतं.

बेतताना पाठ अरुंद ठेवा, खांद्याची शिवण पाठीकडे न्या. ब्लेझरचा नमुना वापरला तर खांदे रुंद होतात, आणि मग कितीही सुबक शिवलं तरी उपयोग नाही. घेर बाजूच्या चुण्यांत घ्या. छातीवर रंगीत पट्टे आणि ताठ उभी कॉलर नको, ती पुढच्या काळातली. आतल्या लांब शिवणी मशीनवर चालतील, पण दिसणारी प्रत्येक टीप आणि काज हातानेच, मेण लावलेल्या लिननच्या दोऱ्याने.

बटणं साधी घ्या. पलटणीचा क्रमांक असलेली बटणं १७६२ च्या आदेशानंतरची. त्याआधी पलटणी ओळखू येत त्या कफाचा रंग, खिशांचा आकार आणि बटणांची संख्या यांवरून, त्यामुळे कफावरची बटणंसुद्धा मोजूनच लावा.

टोपी काळ्या फेल्टची, तिन्ही बाजूंनी वळवलेली, कडेला सोनेरी फीत. गुडघ्यावर जाणारे पांढरे गेटर (बुटांवरून पाय झाकणारी कापडी आवरणं) मात्र पायावर चढवूनच बेता. पोटरीला सैल राहिले की चालताना घसरून बुटांवर गोळा होतात.