लंडनहून ऐनवेळी ब्रायटनला: निघण्यापूर्वीची दहा मिनिटे

लंडनमध्ये शिकणाऱ्या विद्यार्थ्याला समुद्र गाठण्यासाठी आठवडाभर आधी बेत आखावा लागत नाही. व्हिक्टोरिया, लंडन ब्रिज किंवा सेंट पँक्रस यांपैकी एखाद्या स्थानकावरून सुटणारी गाडी साधारण एक ते सव्वा तासात ब्रायटन या समुद्रकाठच्या शहरात पोहोचते आणि तिच्यासाठी आगाऊ आरक्षणाची गरज नसते. सकाळी आकाश निरभ्र दिसले आणि दुसऱ्या दिवशी काही सादर करायचे नसेल, तर नाश्ता करता करता निर्णय घेता येतो. मात्र ऐनवेळी ठरवणे म्हणजे काहीच न पाहता निघणे नव्हे. गाडी, वारा आणि भरती-ओहोटी या तीन गोष्टी तपासून घेतल्या की उरलेला दिवस खुशाल मोकळा सोडावा.

पहिला प्रश्न गाड्यांचा. इंग्लंडमध्ये रुळांची दुरुस्ती बहुधा शनिवार-रविवारी काढली जाते आणि त्या दिवशी प्रवासाचा काही टप्पा बसने करावा लागतो. म्हणून नॅशनल रेलच्या ॲपवर त्याच दिवसाचे वेळापत्रक पाहावे. तिकीट ‘ऑफ-पीक डे रिटर्न’ घ्यावे, म्हणजे जाणे-येणे एकाच तिकिटात होते. कामाच्या दिवशी ते सकाळची गर्दी ओसरल्यावर चालते, सुट्टीच्या दिवशी ही अडचण नसते. वय 16 ते 25 किंवा 26 ते 30 असल्यास त्या त्या वयोगटाचे डिजिटल रेलकार्ड फोनवर काही मिनिटांत मिळते आणि भाड्यात एक तृतीयांश सवलत देते. तीन ते नऊ जण एकत्र निघाले तर ‘ग्रुपसेव्ह’मध्ये तेवढीच सूट रेलकार्डाशिवायही मिळते, पण दोन्ही सवलती एकत्र मिळत नाहीत. स्वस्त तिकिटांपैकी काही फक्त थेम्सलिंक किंवा फक्त सदर्न या रेल्वे कंपनीच्या गाड्यांत चालतात, तेव्हा तिकिटावरचा बारीक मजकूर वाचल्याशिवाय गाडीत चढू नये. सर्वांत महागडी चूक ऑयस्टर कार्डाची, म्हणजे लंडनच्या बस-रेल्वेत भाडे भरायच्या कार्डाची असते. शहरात रोज ते टेकवायची सवय झालेली असते, पण या मार्गावर ते गॅटविक विमानतळापर्यंतच चालते; पुढे तपासनिसाने गाठले तर 100 पाउंडांचा दंड आणि वर प्रवासभाडे अशी वसुली होऊ शकते.

हवामानाच्या अंदाजात तापमानापेक्षा वाऱ्याचा आकडा आधी पाहावा. लंडनच्या इमारतींच्या आडोशाला सुखद वाटणारी हवा किनाऱ्यावर अंगाला झोंबते, म्हणून उन्हाळ्यातही वारा अडवणारे पातळ जाकीट पिशवीत असावे. दिवस किती मोठा आहे, याचेही भान ठेवावे: जूनमध्ये सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, तर डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारासच. हिवाळ्यात अकराला निघणे म्हणजे सहल अर्धी करून घेणे होय.

भरतीची वेळ पाहण्याचा कंटाळा बहुतेक जण करतात, आणि माझ्या मते तीच या सगळ्यातली सर्वांत उपयोगी माहिती आहे. ब्रायटनचा किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा आहे. त्यावर अनवाणी चालणे जिकिरीचे असते आणि पट्ट्यांच्या चपला हमखास दगा देतात. जाड तळव्याचे बूट घालावेत. भरतीच्या वेळी लाटा थेट गोट्यांच्या उतारावर आदळतात, परतणारे पाणी खडखडाट करत पायांखालचे गोटे ओढून नेते आणि दोन पावलांत गुडघ्याचे पाणी छातीपर्यंत येते. पूर्ण ओहोटीला मात्र गोट्यांच्या पलीकडे वाळूची पट्टी उघडी पडते. पाण्यात पाय बुडवायचे असतील तर ती वेळ साधावी. दोन भरत्यांमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटांचे अंतर असते, त्यामुळे कालची वेळ आज लागू पडत नाही.

पोहायचेच असेल तर जीवरक्षक असलेल्या भागात, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच पोहावे. लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरूच नये. इथले पाणी मे महिन्यातही बोचरे थंड असते. ऊन कितीही कडक असले तरी समुद्र तापायला ऑगस्ट-सप्टेंबर उजाडतो. थंड पाण्यात अचानक शिरल्यास श्वास आवरत नाही आणि पट्टीचा पोहणाराही गडबडतो. अशा वेळी हातपाय मारत न सुटता डोके मागे टाकून पाठीवर तरंगत राहावे. श्वास ताळ्यावर आला की मग किनाऱ्याकडे वळावे किंवा मदत मागावी. दुसरे कोणी संकटात दिसल्यास 999 वर फोन करून कोस्टगार्ड मागावे, स्वतः उडी घेऊ नये.

स्थानकातून बाहेर पडून सरळ उतार धरला की पंधरा-वीस मिनिटांत समुद्र येतो. 1899 साली खुला झालेला पॅलेस पिअर, म्हणजे समुद्रात शिरलेला करमणुकीचा धक्का, सगळेच पाहतात. त्यापेक्षा रॉयल पॅव्हेलियन या जुन्या राजवाड्यासाठी वेळ राखून ठेवावा, असे मी सुचवीन. पहिल्या महायुद्धात 1914 पासून तिथे जखमी भारतीय सैनिकांचे रुग्णालय होते आणि 1921 साली उभारलेले भारतीय शैलीचे दक्षिण प्रवेशद्वार आजही त्याची साक्ष देते. फिश अँड चिप्स घेतल्यास भिंतीला पाठ लावून खावे, कारण समुद्रपक्षी मागून येऊन हातातला घास नेतात.

सेव्हन सिस्टर्सचे पांढरे खडूचे कडे पाहायचे असतील, तर ब्रायटनहून 12 क्रमांकाची बस घ्यावी, पण मग शहराचा नाद सोडावा. एका दिवसात दोन्हीकडे धावल्यास धड काहीच होत नाही. कड्याचा काठ खालून पोखरलेला असू शकतो आणि ते वरून दिसत नाही, म्हणून फोटोसाठीही काठापासून किमान पाच मीटर दूर राहावे. कड्याच्या पायथ्याशी जायचे तर भरती चढण्याआधी परतता येईल एवढेच चालावे.

परतीची शेवटची गाडी कितीची आहे, हे निघण्यापूर्वीच पाहून ठेवावे आणि तिच्या आधीची गाडी आपली मानावी, म्हणजे एखादी फेरी रद्द झाली तरी हाताशी आणखी एक राहते. उन्हाळी रविवारी संध्याकाळी सगळा किनारा एकदमच स्थानकाकडे निघतो. बसायला जागा हवी असेल तर त्या लोंढ्याच्या तासभर आधी निघावे, नाही तर निवांत जेवून रात्रीची गाडी धरावी.