ब्लू टिक आली पण रिप्लाय नाही? मग जरा तत्त्वज्ञान वापरून बघा

तत्त्वज्ञान म्हटलं की लोकांना वाटतं रिटायर झाल्यावर वाचायचं काहीतरी, पण रात्री साडेअकराला मेसेज सीन होऊन पलीकडून चिडीचूप असतं तेव्हा डोक्यात जे सुरू होतं ना, त्यावर ही तत्त्वज्ञ मंडळी कधीच बोलून गेलीयत. फक्त ते कोट्स स्टेटसला टाकू नका, वापरा.

सुरुवात एपिक्टेटस या जुन्या ग्रीक तत्त्वज्ञापासून करा. हा गुलाम म्हणून जन्मला आणि पुढे मोठा शिक्षक झाला, त्याचं म्हणणं सरळ, काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात. मेसेज काय लिहायचा ते आपल्या हातात, समोरच्याने कधी उत्तर द्यायचं ते नाही. गोव्यात कितीतरी जणींचा माणूस जहाजावर असतो, भर समुद्रात नेट गेलं की इकडे हिचा जीव वर खाली, तर तेव्हा कागदावर दोन रकाने पाडा आणि दुसऱ्या रकान्यातलं सोडून द्या. एक मात्र सांगून ठेवते, कोणी हात उचलत असेल तर "माझ्या हातात नाही" म्हणून सोसत बसू नका, तिथून निघणं पहिल्या रकान्यात येतं.

आता संशय. यावर मला गीतेइतकं नेमकं कुठेच सापडलं नाही, दुसरा अध्याय, श्लोक 62 आणि 63. सारखं एकाच गोष्टीचं चिंतन केलं की आसक्ती, त्यातून काम म्हणजे हाव, त्यातून क्रोध, मग संमोह, मग स्मृतिविभ्रम आणि शेवटी बुद्धिनाश. आता हेच इन्स्टाग्रामवर लावा. त्याच्या एक्सची स्टोरी बघितली, मग तिचे जुने फोटो, मग कोणी लाईक केलंय ते, मग राग, आणि मग तो विभ्रम, म्हणजे आईला बांबोळीच्या हॉस्पिटलात ॲडमिट केलं तेव्हा हाच माणूस रात्रभर बाहेर बाकावर बसून होता हे साफ विसरायला होतं, आणि पहाटे एवढा मोठा मेसेज जातो की बस्स. साखळी तोडायची तर पहिल्या कडीलाच, म्हणजे अकाउंट म्यूट. राग आल्यावर जमत नाही, तेव्हा निदान टाईप तरी करू नका. आणि फसवणुकीचं खरंच काही दिसलं असेल तर श्लोक राहू दे, तोंडावर विचारा.

माणूस पारखायला ॲरिस्टॉटल, हाही ग्रीक तत्त्वज्ञ. मैत्री तीन प्रकारची म्हणतो तो, कामापुरती, मजेपुरती आणि माणूस चांगला आहे म्हणून केलेली. डेटिंग ॲपवर पहिल्या दोन भरपूर मिळतात आणि त्यात वाईट काही नाही, फक्त आपली कुठली ते दोघांना माहीत पाहिजे. तिसरीला वेळ लागतो, एकत्र मीठ खाल्ल्याशिवाय माणूस कळत नाही अशी म्हणच तो देतो. मिरामारच्या किनाऱ्यावर सूर्यास्त बघताना सगळेच गोड असतात हो! चवथीला, म्हणजे गणपतीत, घरी जायचा योग आला तर बघा, माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांचे, फोटो काढत हिंडतो की आईच्या हातातली भांडी घेतो.

लग्नापर्यंत आलात तर सिमोन द बोव्हुआर, ही फ्रेंच तत्त्वज्ञ. 1949 च्या पुस्तकात ती म्हणते की खरं प्रेम दोन स्वतंत्र माणसं एकमेकांचं स्वातंत्र्य मान्य करतात तिथेच. आपल्याकडे गोव्यात तर पोर्तुगीज काळातल्या कायद्याने, वेगळा करार नसेल तर, लग्नानंतर मालमत्ता दोघांची सामाईक होते, आणि करार करायचा तर लग्नाआधीच. म्हणजे पैशाचं बोलणं टाळून चालतच नाही. सब-रजिस्ट्रारकडे सही करायला जायच्या आधी दोघंच बसा आणि विचारा, कर्ज कोणाच्या नावावर किती, आईवडिलांना दर महिन्याला कोण काय देणार, उद्या एकाला दुबईत नोकरी लागली तर दुसऱ्याने स्वतःची सोडायची का, आणि सोडायची असेल तर ती कोणी.