जुनं लंबकाचं घड्याळ बंद पडलंय? मशीन उघडायच्या आधी हे करून बघा

आजोबांच्या वेळचं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं की घरात एकच वाक्य ऐकू येतं, कुणीतरी जास्त किल्ली दिली म्हणून स्प्रिंग गेली. किल्ली देणाऱ्याचा यात जवळजवळ कधीच दोष नसतो. स्प्रिंग पूर्ण भरली की किल्ली आपोआप अडते, तिथे थांबायचं, त्याने काही बिघडत नाही. पूर्ण भरूनही चालत नसेल तर स्प्रिंगचा जोर लंबकापर्यंत पोचत नाहीये, म्हणजे जुनं तेल चिकट झालंय, आत धूळ बसलीये किंवा घड्याळ भिंतीवर नीट लागलेलं नाही. स्प्रिंग तुटली असती तर किल्ली भरलीच नसती, नुसती फिरत राहिली असती.

मी बोलतोय ते आपल्याकडच्या जुन्या घरांत सापडणाऱ्या आठ दिवसांच्या घड्याळांबद्दल, अमेरिकन सेथ थॉमस किंवा अन्सोनिया, जर्मन युंगहान्स, जपानी सेइकोशा अशी. डायलवर दोन भोकं असतात, बहुतेकांत उजवीकडची किल्ली वेळेची आणि डावीकडची टोल्यांची.

तर पहिलं काम कानाचं. लंबक हलवा, डोळे मिटा आणि ऐका. दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं पाहिजे, टक… टक… टक… असं. जर टक-टक… टक-टक असं लंगडत असेल तर ते पाचदहा मिनिटांत थांबणार म्हणजे थांबणारच. सुताराची लेव्हल लावू नका, डबा सरळ असला म्हणून मशीन सरळ असतंच असं नाही. घड्याळाचा खालचा भाग थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे सरकवत राहा, ठोके सारखे झाले की तिथेच भिंतीवर पेन्सिलीने खूण करा. डबा फारच वाकडा दिसायला लागला तर तो सरळ करा आणि लंबकाला ढकलणारी जी तार असते ती अगदी किंचित एका बाजूला वाकवा, पुन्हा ऐका. मी बघितलेली अर्धीअधिक "बिघडलेली" घड्याळं एवढ्यावरच चालू झालीयेत, कारण काय तर रंगकामाला भिंतीवरून काढलं आणि परत लावताना कुणी ठोके ऐकलेच नाहीत.

लंबक ज्या पातळ स्टीलच्या पट्टीला लटकतो ती पण बघा. तिला घडी पडली असेल तर लंबक सरळ न हलता गोल डुलतो. पट्टी सरळ करत बसू नका, बदला, स्वस्तात मिळते. घड्याळ उचलून कुठेही न्यायचं असेल, अगदी या खोलीतून त्या खोलीत, तरी आधी लंबक काढायचा, नाहीतर हीच पट्टी मोडते.

घड्याळ पुढे जातंय का मागे, हे लंबकाच्या खालच्या नटावर असतं. नट वर चढवला की घड्याळ पळतं, खाली आणला की रेंगाळतं. साधारण २५ सेंटिमीटरचा लंबक असेल तर १ मिलिमीटरने दिवसाला जवळजवळ ३ मिनिटांचा फरक पडतो, त्यामुळे नट अर्धा फेरा फिरवायचा आणि पूर्ण एक दिवस थांबायचं. उन्हाळ्यात दांडी तापून लांबते, स्टीलची असेल तर दर अंशाला दिवसाला साधारण अर्धा सेकंद मागे. म्हणजे डिसेंबरात बरोबर लावलेलं घड्याळ मे महिन्यात आठवड्याला मिनिटभर मागे पडलं तर तो बिघाड नाही.

टोले चुकत असतील, पाच वाजता आठ पडत असतील, तरी मशीन उघडू नका. तासकाटा बहुतेक घड्याळांत नुसता दाबून बसवलेला असतो, जितके टोले पडले त्या आकड्यावर तो हाताने हळूच सरकवा. मग मिनिटकाटा पुढे फिरवत वेळ जुळवा, पण प्रत्येक तासाला आणि अर्ध्या तासाला टोले पूर्ण पडू द्या. मिनिटकाटा बाराच्या मागे उलटा कधीच न्यायचा नाही.

आता तेल. इथेच सगळ्यात जास्त घड्याळं मरतात. आमच्या गावच्या घरात कुणीतरी प्रेमाने खोबरेल घातलं होतं, आणि खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठायला लागतं, म्हणजे थंडीत आत मेणच. गंज सोडवायचे स्प्रे पण नकोत, ते उडून जातात आणि चिकट थर मागे राहतो. घड्याळाचं तेल वेगळं मिळतं तेच आणा, छोटी बाटली वर्षानुवर्षं पुरते. ते सुईच्या टोकाने, पितळी प्लेटवर जिथे प्रत्येक चाकाच्या आसाचं टोक भोकात फिरतं तिथे एवढंसं, भोकाभोवतीची खळगी अर्धी भरेल इतकंच. चाकांच्या दातांना तेल अजिबात नाही, तिथे धूळ चिकटून ती कानशीसारखी दात खाते. भोकांभोवती काळं किंवा हिरवट दिसत असेल तर वरून नवं तेल घालून उपयोग नाही, आधी जुनं निघालं पाहिजे, आणि नीट काढायचं तर मशीन सुटं करावं लागतं.

मशीन सुटं करायच्या आधी एक गोष्ट मनापासून सांगतो. आतल्या दोन्ही स्प्रिंगांत जोर भरलेला असताना प्लेटचा एकही नट सैल करू नका. स्प्रिंग सुटली तर बोटं मोडतात, चाकांचे दात झडतात. जोर उतरवताना आधी स्प्रिंगभोवती जाड तारेची कडी अडकवायची, मग किल्ली घट्ट धरून किंचित भरायच्या दिशेने फिरवायची, खटका (स्प्रिंगच्या दातेरी चाकाला उलटं फिरू न देणारी छोटी अडकण) स्क्रू-ड्रायव्हरने मागे घ्यायचा आणि किल्ली हातातच ठेवून अर्धा अर्धा फेरा उतरवायची, दर वेळी खटका परत बसू द्यायचा. चामड्याचे हातमोजे, चष्मा. हे वाचून छाती धडधडत असेल तर मशीन घड्याळजींकडेच न्या. भोकं झिजून लांबट झाली असतील तर तिथे नवीन बुश, म्हणजे भोकात बसणारी छोटी धातूची नळी, बसवावं लागतं आणि ते काम तर त्यांचंच आहे.

डायलला पाणी लावू नका, आकडे निघून येतात आणि परत रंगवलेले आकडे लगेच कळतात. डब्याचं जुनं पॉलिश बहुतेक वेळा लाखेचं असतं, स्पिरिटने पुसलं की विरघळतं, कोरडं मऊ फडकं पुरेसं आहे. कोकणात किंवा मुंबईत असाल तर बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीवर घड्याळ नकोच, आस गंजतात आणि मागून वाळवी लागते. दर पावसाळ्यानंतर डबा उतरवून पाठ बघा.

आणि दार उघडाल तेव्हा आत पेन्सिलीने लिहिलेल्या किंवा प्लेटवर टोचून कोरलेल्या तारखा दिसतील, आधीच्या कारागिरांनी काम केल्याच्या. त्या घासून काढू नका. त्यांच्याखाली तुमची तारीख लिहा, तेल कधी घातलं, पट्टी कधी बदलली. पुढचं तेल ३-४ वर्षांनी, तोपर्यंत दर रविवारी दोन्ही किल्ल्या पूर्ण भरायच्या.