एनआयसीयूतून (नवजात बाळांच्या आयसीयूतून) घरी आलेल्या बाळाची कानाची टेस्ट कशी करून घ्यायची

माझी मुलगी २९व्या आठवड्यात झाली आणि घरी आली ती नाकात ऑक्सिजनची नळी घेऊनच, त्यामुळे कान वगैरे आमच्या डोक्यातच नव्हतं, श्वास नीट चालतोय ना एवढंच बघत होतो. चवथीला (गणेशचतुर्थीला) घुमट, म्हणजे आमच्याकडचं मातीचं वाद्य, वाजलं की दचकायची, सासूबाई म्हणाल्या ऐकू येतंय हो तिला. पण मोठ्या आवाजाला दचकणं म्हणजे बोलण्याचा आवाज ऐकू येणं नव्हे, आणि एकाच कानाचा प्रॉब्लेम असेल तर घरी कळतच नाही.

पहिली गोष्ट, टेस्ट कुठली ते विचारा. कानात छोटं बूच घालून दोन मिनिटांत होते ती ओएई, ती फक्त आतल्या कानातल्या पेशी बघते. कान ठीक पण पुढे नसेतून मेंदूकडे आवाज नीट जात नाही असं एनआयसीयूच्या बाळांत होऊ शकतं आणि ते ओएईत सापडत नाही. म्हणून बाळ ५ दिवसांपेक्षा जास्त एनआयसीयूत असेल तर बेरा (एबीआर पण म्हणतात, नसेतून मेंदूकडे आवाज जातोय का ते ही टेस्ट बघते) हवीच. आमची ओएई पास आली म्हणून एका ठिकाणी "झालं, घरी जा" सांगितलं होतं, मी तेव्हा ऐकलं, तुम्ही ऐकू नका, बेरा लिहून मागा.

डिस्चार्ज समरी बरोबर न्या आणि त्यात जेंटामायसिन किंवा अमिकासिन (कानावर परिणाम करू शकणारी अँटिबायोटिक्स) किती दिवस दिलं, काविळीसाठी रक्त बदललं होतं का, व्हेंटिलेटर किती दिवस, हे पेनाने अधोरेखित करून ठेवा, ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरना पानं चाळायला वेळ नसतो.

आता झोप, सगळा खेळ झोपेचाच आहे. बेराला बाळ गाढ झोपलेलं लागतं, हलली तरी मशीनवर रेषा बिघडतात. आमची पहिली अपॉइंटमेंट फुकट गेली कारण पेडण्याहून बांबोळीच्या हॉस्पिटलपर्यंत (गोव्यात) ती गाडीत मस्त झोपली आणि काउंटरवर पोचल्यावर टक्क जागी. दुसऱ्या वेळी मी मागच्या सीटवर बसून तिला जागं ठेवलं, पायाचे तळवे चोळत, आणि दूध तिथे पोचल्यावरच, कपाळाला आणि कानामागे वायरी चिकटवून झाल्यावर पाजलं. पाच मिनिटांत मूठ सुटली, मग टेस्ट झाली. त्या दिवशी डोक्याला खोबरेल तेल लावू नका, वायरी चिकटत नाहीत. कानात तेल तर कधीच घालू नका, आजी कितीही म्हणू दे.

झोपेचं औषध देऊ का विचारतील. श्वासाचा किंवा हार्टचा त्रास असलेल्या बाळाला ते घरून पाजून नेऊ नका, आधी बाळाच्या डॉक्टरांना फोन करा, आणि द्यायचंच असेल तर मॉनिटर लावून, डॉक्टर जवळ असताना. ३-४ महिन्यांच्या आत गेलात तर बहुतेक वेळा नुसत्या झोपेतच होतं. ऑक्सिजन असेल तर सिलिंडर न्या, कॉन्सन्ट्रेटरची (हवेतून ऑक्सिजन काढणाऱ्या यंत्राची) घरघर टेस्टमध्ये आड येते. पावसाळ्यात ओपीडी खोकणाऱ्यांनी भरलेली असते, सकाळची पहिली वेळ मागून घ्या.

रिपोर्टमध्ये दोन्ही कानांचे आकडे वेगवेगळे हवेत. "रेफर" (म्हणजे पास नाही, पुढे तपासा) आलं तर बाळ बहिरं असं नाही, कधी कानात पाणी असतं, पण "मोठी झाली की बघू" यात अडकू नका. १ महिन्यात स्क्रीनिंग, ३ महिन्यांत नक्की निदान, ६ महिन्यांत ऐकण्याचं मशीन किंवा थेरपी सुरू असा हिशोब असतो, बाळ हॉस्पिटलातच असेल तर पुढे सरकतं, तरी ढिलाई नको.

आणि पास झालं तरी नऊ महिन्यांच्या आत परत एकदा, काही बाळांचं ऐकणं नंतर कमी होतं. सीएमव्ही (आईकडून पोटातच लागू शकणारा एक व्हायरस) किंवा मेंदूज्वर झाला असेल तर त्याहून लवकर. मी तारीख लसीच्या कार्डावरच लिहिली, नऊ महिन्यांच्या एमआरच्या (गोवर-रुबेला लसीच्या) रकान्याशेजारी.